दार कुणी उघडलं

उजवा हात कोपरात दुमडून छातीपाशी आणायचा, तळवा समोर धरायचा आणि हळूच म्हणायचं, "थांबा, अजून हाय." हात पोलिसासारखा ठाम नसे, जरा घाबरलेला असे. भाऊसाहेब मला अजूनही आधी तसे दिसतात, मग त्यांचं बाकीचं सगळं.

हा हात टाळ्यांसाठी होता. लग्नात बँड थांबला की लोक दोन टाळ्या देतात आणि पंगतीकडे वळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. भाऊसाहेब मात्र मांडवाच्या कडेला उभे राहून त्या टाळ्या अडवायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. कचेरीत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून फायली गाठोड्यांत बांधून आल्या होत्या आणि कपाटं यायची होती, त्यामुळे आम्ही गाठोड्यांवरच बसून काम करत होतो. मी नोकरीला नवीन, आवक-जावकच्या टेबलावर. शेजारच्या टेबलावर भाऊसाहेब, टंचाई शाखेचे. कुठल्या गावाला पाण्याच्या टँकरची खेप किती वाजता जायची, ते तेच लिहायचे. तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती आणि त्यांची यादी दर आठवड्याला लांबत होती.

काळजी हा त्यांचा स्वभावच होता. फोन वाजला की त्यांच्या हातातलं पेनाचं टोपण खाली पडे. कचेरीतल्या माठाजवळून जाताना ते झाकण उचलून आत बघत, मग पुन्हा ठेवत. दर तासाला मला विचारत, "शिरूर अनंतपाळची खेप पोचली आसंल का हो बाई?"

"पोचली असेल," मी म्हणायची.

"तुमाला कसं ठावं?"

मला काहीच ठाऊक नसे. पण एवढं विचारून झालं की घटकाभर ते शांत बसत.

फक्त एका विषयावर बोलताना त्यांच्या कपाळावरची आठी जायची. तो विषय म्हणजे साडेपाच बँड.

त्या बँडचं टेम्पोवर रंगवलेलं खरं नाव वेगळं आणि भारदस्त होतं, पण ते कुणी घेत नसे. पाच माणसं नक्की यायची. सहावा ताशेवाला पिठाच्या गिरणीवर कामाला होता, तो वीज गेली असेल तरच यायचा. म्हणून साडेपाच. लातुरातल्या इतर बँडवाल्यांना सोनेरी पट्ट्यांचे एकसारखे कोट होते. यांच्यातला प्रत्येक जण आपापल्या घरचा कोट घालून येई. क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर त्यांचे म्होरके. लोकांनी सिनेमाचं गाणं मागितलं तर ते इतकं रडकं वाजवत की पुन्हा कुणी मागत नसे. मग ते आपली गाणी काढायचे, त्यांनीच रचलेली. मांडवाबाहेर हरवलेल्या चपलेचं एक गाणं होतं. अडत बाजारातल्या हमालाचं एक होतं, जो पोतं उचलून त्याचं वजन सांगायचा आणि स्वतःच्या पोरीला उचलल्यावर गप्प व्हायचा.

आणि एक चुकीच्या गाडीचं. त्यातला माणूस शिरूरला जायचं म्हणून निघतो, चुकीच्या एस.टी.त बसतो आणि जळकोटला उतरतो. परत फिरायचं सोडून तो तिथल्या एका घराची कडी वाजवतो. आतून आवाज येतो, "कोण हाय?" एवढ्यावर मास्तर गाता गाता थांबत, वाद्यंही थांबत. लोकांना वाटे संपलं. तेव्हा भाऊसाहेबांचा हात वर जाई.

मुरुडच्या एका लग्नात मी ते पहिल्यांदा पाहिलं. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, मला आग्रहानं घेऊन गेल्या होत्या. "चला बाई, आमचा माणूस किती येडा हाय ते बघा तरी," असं म्हणाल्या होत्या. गाणं थांबलं. लोकांचे हात टाळीसाठी निघाले. भाऊसाहेबांनी तळवा धरला. नवरदेवाचे वडील तणतणत आले.

"मास्तर, पोराचं लगीन हाय. मानूस हरवल्याचं गानं काय वाजवायलात?"

"हरवला न्हाई मालक," मास्तर म्हणाले. "पोचला."

मग त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावली आणि एकट्यानं वाजवायला सुरुवात केली. मला संगीतातलं कळत नाही. पण कुणीतरी अंथरुणातून उठून, भिंतीला धरत धरत दाराकडे येतंय, असं मला वाटलं. मी वळून भाऊसाहेबांना विचारलं, "कोण उघडतंय दार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं परगावी कुणी आपल्या गावचं भेटावं.

"म्हातारी," ते म्हणाले. "तुमालाबी दिसली?"

त्या दिवसापासून मीही त्या बँडची झाले. मला दर वेळी जाता येत नसे. ते जाऊन येत आणि सोमवारी टेबलावर बसायच्या आधी मला सांगत. मी विचारायची, "काल कुणी उघडलं?"

"काल पोरीनं. पायात लई घाई व्हती."

किंवा, "काल कुनीच न्हाई. घर रिकामं निघालं. मला जेवन गेलं न्हाई, बाई."

कारण मास्तर पुढचा भाग दर वेळी निराळा वाजवत. भाऊसाहेबांचं म्हणणं असं की गाण्याला एक खरा शेवट आहे आणि तो मास्तरांनी अजून वाजवलेलाच नाही. ते चाचपून बघतायत. म्हणून एकही कार्यक्रम चुकवायचा नाही. ज्या दिवशी तो वाजेल त्या दिवशी आपण तिथं नसलो तर काय, ही त्यांच्या काळज्यांतली सगळ्यात मोठी काळजी होती. टँकरच्या वरची.

चौथा उन्हाळा फार वाईट गेला. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, झाली ती दहा माणसांत झाली, बिनवाजंत्रीची. बँजोवाल्यानं बँजो विकला आणि तो पुण्याला बांधकामावर गेला. मास्तर क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडात धरायची ती वेताची पातळ पत्ती, पूर्वी वाटीभर पाण्यात भिजवायचे. त्या वर्षी ते ती जिभेवर ठेवून बसायचे. वाटीभर पाणी मागायची लाज वाटते, म्हणायचे.

एका दुपारी भाऊसाहेब बाहेरून आले आणि खुर्चीत बसलेच नाहीत.

"मास्तर नांदेडला चाललेत, लेकीकडं. कायमचे. बँड मोडला, बाई."

मी आवकची वही मिटली.

"एक कार्यक्रम करू म्हनले शेवटचा. कुठंबी. बिदागी नको म्हनले. त्यात खरा शेवट वाजवतो म्हनले. मला शबूद दिला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर ऐकायला मानसं पायजेत ना. मोकळ्या मैदानात कसा वाजवतील?"

आमच्या वस्तीत जयंतीचे कार्यक्रम चालू होते. मी मंडळाच्या पोरांशी बोलले आणि विहारासमोरच्या पटांगणात संध्याकाळी पाचची वेळ ठरली. अडचण एकच होती. आमच्या वस्तीचा टँकर पाचलाच यायचा. पाण्याच्या वेळेला कोण गाणं ऐकणार?

भाऊसाहेब दोन दिवस यादी समोर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमची खेप दुपारी बाराला आणली. बाराला ज्या तांड्याची होती, ती पाचला नेली. दोन ओळींची अदलाबदल, बस. कागद माझ्याकडे आला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पानी तेवडंच हाय," ते म्हणाले. "येळच बदलला निस्ता. कुनाचं कमी न्हाई केलं."

"नाही केलं," मी म्हणाले आणि जावक क्रमांक घातला. हे मी इथं लिहून ठेवते आहे, कारण नंतर सगळं त्यांनी एकट्यानं अंगावर घेतलं.

त्या दिवशी बाराला टँकर आला नाही. एक वाजला, दोन वाजले. ज्या विहिरीवर तो भरायचा तिथली वीज गेली होती, हे आम्हाला मागून कळलं. माझी माय इतर बायांबरोबर बारापासून उन्हात हंडे मांडून बसली होती. चारला त्या उठल्या. हंडे रांगेतच ठेवून, पटांगणात येऊन बसल्या. सगळी वस्ती आली. वीज गेली होती म्हणून ताशेवालाही आला. भाऊसाहेब मला म्हणाले, "आज साडेपाच न्हाईत. बँजो गेला, ताशा आला. पुरे पाच हायेत." ते हसले, पण त्यांची नजर रस्त्यावर होती.

चपलेचं गाणं झालं. हमालाचं झालं, त्याला माय पदरानं डोळे पुसत होती. मग चुकीच्या गाडीचं सुरू झालं. माणूस जळकोटला उतरला. त्यानं कडी वाजवली. "कोण हाय?"

वाद्यं थांबली. भाऊसाहेबांचा हात वर गेला. आणि खरं सांगते, त्या दिवशी एकही टाळी वाजली नाही. तीनशे माणसं गप्प बसून होती. मास्तरांनी रीड ओठात घेतली.

त्या शांततेत टँकरचा हॉर्न वाजला.

"टँकर आला गं," कुणीतरी म्हणालं. आणि पटांगण उठलं. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळी. मायही उठली. कुणाला काय बोलणार? मास्तर क्लॅरिनेट ओठाला लावून भाऊसाहेबांच्या हाताकडे बघत उभे होते. तो हात अजून वर होता. रस्त्यावर भांडण पेटलं होतं, रांग मोडली होती, एक बाई ओरडत होती, "बारापासून बसलेय, आधी मला." दुसरी म्हणाली, "कोन्या मेल्यानं येळ बदलला?"

भाऊसाहेबांनी हात खाली घेतला आणि टँकरकडे धावले. रांग लावायला.

मी परत वळून पाहिलं तेव्हा मास्तर रीड काढून काडेपेटीत ठेवत होते.

त्या संध्याकाळी तांड्यावर टँकर पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिथली माणसं रिकामे हंडे घेऊन कचेरीत आली. भाऊसाहेबांनी साहेबांसमोर जाऊन स्वतःच सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, "घरगुती कारन." त्यांना अभिलेख कक्षात टाकलं. जुन्या जिल्ह्याहून आलेली गाठोडी सोडत ते तिथं निवृत्तीपर्यंत बसले. तांड्यावर मात्र ते पुढं दर रविवारी सायकलनं जात. काय करत कोण जाणे. वहिनी म्हणायच्या, नुसते बसून येतात.

बँडचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी एकदा विचारलं, "नांदेड काही लांब नाही. जाऊन ऐकून या ना." ते म्हणाले, "कोन्या तोंडानं जाऊ? हात मीच खाली घेतला."

त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करणारा मध्येच अडखळला आणि लोकांनी, संपलं असं समजून, टाळ्या वाजवल्या. मी भाऊसाहेबांच्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पालथा पडला होता.

त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. दहाव्याला वहिनींनी माझ्या हातात एक मऊ पडलेला कागद दिला. "मास्तरांचा पत्ता. पाकिटात व्हता इतके दिवस. तुमी कळवाल का?"

पत्र लिहवेना. मी नांदेडला गेले.

मास्तरांनी मला ओळखलं नाही, वस्तीचं नाव सांगितल्यावर ओळखलं. खाटेवर बसून होते, दात गेलेले. क्लॅरिनेट खुंटीला पिशवीत टांगलेली होती. मी सांगितलं, भाऊसाहेब गेले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"बाई, एक गोष्ट सांगू? तुम्ही रागावाल."

"सांगा."

"पहिल्यांदा ते गाणं वाजवलं तेव्हा मी पुढचं विसरलो होतो. दार उघडायचं कडवं होतं एक. डोक्यातून साफ गेलं. थांबलो. म्हटलं, वाजवू द्या टाळ्या, इज्जत राहील. तर एक माणूस हात वर करून उभा. म्हणतो, थांबा, अजून हाय." मास्तर हसले. "आता काय करणार? काहीतरी वाजवलं. दुसऱ्या लग्नात पुन्हा तोच माणूस, पुन्हा तोच हात."

"म्हणजे खरा शेवट नव्हताच?"

"नव्हता. ते दर खेपेला विचारायचे. मी म्हणायचो, शेवटच्या कार्यक्रमाला. तो खरंच आला, तेव्हा शब्द खोटा कसा पाडायचा? म्हणून बसवला. महिनाभर बसवला, ह्या माणसासाठी. कुणी उघडलं दार ते नक्की केलं. आणि मग तो टँकर."

मला रडू येईना.

"आठवतो का तो शेवट?" मी विचारलं.

त्यांनी लेकीला हाक मारून पिशवी काढायला सांगितली. पिशवीच्या कप्प्यातून काडेपेटी निघाली. आतली रीड पिवळी पडली होती, कडेला एक बारीक चीर होती. लेक म्हणाली, "अब्बा, दात नाहीत, दम पुरायचा नाही. पाव्हण्यांसमोर कशाला?" तिला वाटलं आमचं बोलणं संपलं. ती पिशवी परत टांगायला उठली.

तेव्हा मला कळलं की माझा उजवा हात छातीपाशी आला आहे आणि तळवा समोर आहे.

ती थांबली. मास्तरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी ती पत्ती जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं. रीड भिजायला वेळ लागतो. मी हात तसाच धरून बसले.