दर खेपेला पंधरा सेकंद

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं चौकशीच्या टेबलावर बसलेल्या बाईंना सगळी गल्ली चौकशीबाईच म्हणायची. लोक नाव सांगायचे, बाई नंबर सांगायच्या. कुणाला ताटकळत ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. म्हणून त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता लॅपटॉपवर ते चाक नुसतं फिरत राहिलं, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारी नवरा बसला होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि आता उजव्या डोळ्यापुढे धुकं. डोळ्यांच्या रुग्णालयाच्या तारखा दर सोमवारी नऊला वेबसाइटवर खुल्या व्हायच्या नि दहा मिनिटांत संपायच्या. एक पान उघडायचं, पुढचं अडायचं, मग ‘वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा’. शेवटी नऊ वाजून बारा मिनिटांनी उत्तर आलं: सर्व वेळा भरल्या. सलग तिसऱ्या सोमवारी.

“असू दे गं, पुढच्या सोमवारी बघू.”

“काय असू दे? डोळा तुमचा जातोय, आणि वर असू दे म्हणताय!”

मुलगा परगावी नोकरीला. त्यानं फोनवर फर्मावलं, “आई, राउटर बंद करून चालू कर.”

“नऊ वेळा केला.”

“मग तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी काय बोलायचं? बाईंनी फोन ठेवून दिला आणि इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवली.

बुधवारी कंपनीचा माणूस आला. बूट न काढताच राउटरजवळ गेला, स्वतःचा मोबाइल धरला आणि म्हणाला, “स्पीड एकदम फुल आहे, मावशी. भिंत जाड आहे तुमची. आणि लॅपटॉपही म्हातारा झालाय.” ‘म्हातारा’ म्हणताना तो लॅपटॉपकडे बघत नव्हता.

“पान का उघडत नाही ते सांग. तोवर काम झाल्याची सही मिळणार नाही.”

तो सही न घेताच गेला. जिना उतरतो न उतरतो तोच बाईंच्या मोबाइलवर मेसेज आला: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ रोग रेड्याला नि औषध पखालीला, आणि वर बरा झाल्याचा दाखला!

“अहो, तुमचं ते स्टॉपवॉच काढा,” बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं बटण दाबायचं, बाईंनी आकडा वाचायचा. राउटरला खेटून बसल्या, तरी पान उघडायला पंधरा सेकंद. थेट वायर जोडली, तरी पंधरा. म्हणजे भिंत सुटली, वायफायही सुटलं. मग लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटवर लावला. दोन सेकंद! म्हणजे लॅपटॉपही धडधाकट. पुन्हा घरचं इंटरनेट. नवी वेबसाइट, पंधरा. तीच लगेच परत उघडली, तर क्षणात हजर.

नवरा म्हणाला, “लाइन खराब असती तर कधी दहा लागले असते, कधी तीस. हे कुणीतरी ठरवून थांबतंय.”

बाई ताडकन उठल्या. वेबसाइटचं नाव टाकलं की राउटर आधी कंपनीच्या एका सर्व्हरला तिचा नंबर विचारतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. तो पहिला सर्व्हर उत्तर देत नसेल, तर वाट बघून दुसऱ्याला विचारणार. त्यांच्या खात्यातही एक टेबल गप्प बसलं की कॉल ठरल्या वेळानं पुढच्या टेबलावर जायचा. राउटरच्या बुडाशी छापलेला पासवर्ड टाकून त्यांनी आतलं पान उघडलं. तिथे दोन सर्व्हरचे नंबर होते. त्यांनी कंपनीला फोन लावला.

“मॅडम, आधी राउटर बंद करून...”

“तो शब्द परत काढू नका! साहेबांना द्या.”

साहेबांनी नंबर ऐकला, खडखड टाइप केलं आणि आवाज खाली आणला. “हा पहिला सर्व्हर आम्ही मागच्याच महिन्यात बंद केलाय. तुमच्या राउटरमधून काढायचा राहिला.”

“कुणाचा राहिला?”

“आमच्या माणसाचा.”

बाईंनी बोलता बोलता तो नंबर पुसला. रुग्णालयाचं पान चटकन उघडलं. नवरा हसला, बाई मुळीच हसल्या नाहीत.

“या भागात आणखी किती घरांत हा मेलेला नंबर आहे?”

“बघावं लागेल.”

“बघा. मी लाइनवर आहे.”

चाळीस मिनिटं त्या कानाला फोन लावून बसल्या. बासष्ट घरं निघाली. सगळी दोन दिवसांत दुरुस्त करू, हे साहेबांकडून लेखी मागवलं, तेव्हाच त्यांनी फोन सोडला.

पुढच्या सोमवारी नऊ वाजून तीन मिनिटांनी तारीख मिळाली. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला. ऑपरेशन होईल म्हणाले, पण जरा लवकर यायला हवं होतं. बाई बाहेर आल्या त्या दातओठ खातच. खिडकीपाशी एक आजोबा हातात जुने कागद घेऊन उभे होते आणि कारकून मान वर न करता सांगत होता, “तारीख इथे नाही मिळत. वेबसाइटवर जा.”

बाईंनी आजोबांना बाकावर बसवलं, नवऱ्याला त्यांच्याजवळ ठेवलं आणि त्या खिडकीपाशी गेल्या.

“तुमच्या मोठ्या साहेबांची खोली कुठे आहे?”

“मोबाइलवरून अर्ज करा.”

“नाही करत,” बाई म्हणाल्या. “खोली दाखवा.”