पातळ रक्त

आमच्या जर्मन शेफर्ड कुत्रीला पाच पिल्लं झाली, तीन माद्या आणि दोन नर. त्यातला एक नर लसीच्या सुईनं गेला. टोचलेली मांडी संध्याकाळपर्यंत सुजून टणक झाली, आत रक्त साचत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. रक्त गोठवणारा एक घटक अशा पिल्लांच्या अंगात जन्मापासूनच कमी असतो. दोष आईकडून येतो, आई मात्र ठणठणीत दिसते आणि भोगतात बहुतेक नर. उरलेल्या नराचं रक्त त्यांनी तपासायला पाठवलं. रिपोर्ट तोच आला. याला कुठं कापू-टोचू नका, घरातच सांभाळा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

मला राग आला. डॉक्टरांचा, कुत्रीचा, सगळ्यांचाच. तिच्या अस्सल जातीचे कागद दाखवत मी कॉलनीभर मिरवले होते, आता तिच्यात खोट निघाली हे सांगायला जीभ रेटेना. माद्या काही न सांगता देऊन टाकल्या. हा पठ्ठ्या मात्र दुधाचे दात पडताना हिरड्यांतून रक्त गाळत घरभर बागडायचा आणि मी त्याच्या मागं फरशी पुसत फिरायची. मी कंटाळले होते, खरं तेच सांगते. तेवढ्यात चितेगावच्या मामांनी शेतावर राखणीला कुत्रं मागितलं.

लग्न जमवताना मुलाच्या फिट्स ‘जरा चक्कर येते’ म्हणून खपवतात ना, तसंच मी केलं. म्हटलं, "मामा, याचं रक्त जरा पातळ आहे. जपा."

मामांची अँजिओप्लास्टी झालेली. तेव्हापासून रक्त पातळ राहावं म्हणून ते रोज गोळी घेतात. पातळ रक्त म्हणजे त्यांच्या लेखी आयुष्याची हमीच.

"मंग लई बरं झालं की," ते म्हणाले. "मला गोळी खावी लागती, याला फुकटात."

मी हसले. तिथंच थांबवून सांगायला हवं होतं आणि मी हसले.

पिल्लाच्या कानांची टोकं कापली की कुत्रं तिखट होतं, असं आमच्या गावाकडं मानतात. मामांनी आजवर प्रत्येक कुत्र्याचे कान कापले. लहानपणी मी ते पाहिलंय, त्यामुळं ठाऊक नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

पिल्लू शेतावर नेल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी कात्री लावली आणि दुपारी मला फोन केला. हळद दाबून झाली, चहापत्ती दाबून झाली, रक्त थांबत नव्हतं. क्रांती चौकातल्या गर्दीला शिव्या घालत मी पोचले तेव्हा पिल्लू मामांच्या मांडीवर होतं आणि मामांचा पायजमा भिजलेला होता. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला बघून त्यानं शेपूट हलवलं. आम्ही त्याला गाडीत घेऊन निघालो, पण पैठण रोडवरच ते गेलं.

मागच्या सीटवर मामा रडत होते. "तू सांगितलं व्हतं पोरी, जपा म्हणून. मीच गाढव. मीच मारलं त्याला."

गाडी बाजूला घेऊन मला खरं सांगता आलं असतं. मी गाडी चालवत राहिले.

बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "पुढच्या खेपेला एक ठेव माझ्यासाठी. कानाला हात लावायचो नाय."

"ठेवते," मी म्हणाले.