पडलेल्या पॅनलचा बॅनर

माजलगावजवळच्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होते. अनुदान पुढच्या वर्षी येणार होतं, आणि ते पुढचं वर्ष मी तिथं असेपर्यंत काही उजाडलं नाही. पुढं पुढं हुशार मुलं क्लाससाठी लातूरला निघून जाऊ लागली. नावं आमच्याकडे, मुलं तिकडे. कित्येकदा तासाला मी आणि फळा एवढेच हजर असायचो.

एका वर्षी स्नेहसंमेलनाची पत्रिका मी मोबाइलवर करून दिली. इतक्या वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल प्राचार्य एक शब्द बोलले नव्हते, पण पत्रिका बघून ते खास स्टाफरूममध्ये आले आणि सगळ्यांसमोर कौतुक करून गेले. त्या दिवशी माझ्या डोक्यात ग्राफिक डिझाईन शिरलं.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, जमतंय का बघ. अडचण सासऱ्यांची होती. त्यांना मी मामा म्हणते. उसाची शेती, एकदा सरपंचकी केलेली, आणि ‘सून एम.एस्सी., बी.एड. आहे’ हे वाक्य चारचौघांत सांगायची भारी हौस. त्यांनी चौकशी करून संभाजीनगरचं एक कॉलेजही शोधून काढलं. म्हणाले, करायचंच तर रीतसर डिग्री कर, चार वर्षं लागली तर लागू दे. मी म्हणाले, दोन डिग्र्या झाल्यात मामा, तिसरी नको.

“मग लोकायला काय सांगू? सून बॅनर छापती म्हणून?”

खरं तर मी तेच करणार होते.

काही महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला. सोबत मोंढ्याच्या बाजारामागच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसू लागले. तिथला ऑपरेटर पुण्याला गेला होता, त्यामुळे मालकानं फार विचारपूस न करता मला खुर्ची दिली. कोर्समध्ये शिकवलं होतं की रिकामी जागा ठेवावी, डोळ्यांना विसावा मिळतो. मी वाढदिवसाच्या एका बॅनरवर ती ठेवली. मालक म्हणाला, “ताई, इसावा पाहिजे तर माणूस घरी जाऊन झोपंल. इथं अजून चार फोटो बसतेत.” चार फोटो बसले. मग मी कॉलेज सोडलं आणि कोर्सचं आणि दुकानाचं थोडं थोडं घेऊन काम करू लागले.

तेवढ्यात गावच्या सेवा सोसायटीची निवडणूक लागली आणि मामांनी पॅनल उभं केलं. बॅनरचं मला कोणी विचारलं नाही. एका नातेवाइकाच्या ओळखीनं तो पुण्यातल्या डिग्रीवाल्यांकडून करून आणला. त्यावर मोहरीचं पिवळंधमक शेत होतं आणि मधोमध पंजाबी पगडीतला एक शेतकरी हसत उभा होता. पारावर दिवसभर लोक मामांना विचारत राहिले, की हा कोणत्या गटातून उभा आहे.

मामा घरी आले, चहा प्याले आणि मोबाइलमधला तो बॅनर माझ्यापुढं सरकवून म्हणाले, “जरा बघ बरं हे.” नवीन कर, असं काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पॅनलला मामांच्याच उसात उभं केलं आणि फोटो काढले. वर मोकळं आभाळ, खाली ठसठशीत अक्षरं, कोपऱ्यात छत्रीचं चिन्ह. मामांनी फोटो मोठा करून ऊस बघितला. म्हणाले, आभाळ लई सोडलंस, पण ऊस आपला वाटतोय.

बॅनर लागला. पॅनल पडलं, तेही सगळंच्या सगळं. त्यानंतर जो भेटेल तो मामांना सांगायचा, निकाल काहीही लागो, बॅनर मात्र लई भारी होता. यातल्या बहुतेकांनी मत कुठं दिलं असणार ते मामांना दिसत होतं. त्यांनी आपलं विश्लेषण केलं: लोक बॅनरच बघत बसले, नावं कोणी वाचलीच नाहीत. हे ते आठवडाभर सांगत फिरले. मला वाटलं, आपला धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला. पण त्याच आठवड्यात कामं यायला लागली.

एक दिवस निवडून आलेल्या पॅनलचा प्रमुख पेढे घेऊन घरी आला. उसाच्या तोडीबद्दल बोलला, मामांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, आभाराचा बॅनर करायचाय, सूनबाईंनीच केला तर बरं. मी दारात उभी होते. त्यानं मामांनाच विचारलं, डिझाईनची डिग्री कुठून केली त्यांनी?

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, “बाहेरून केली.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “कर की. काम हाय ते.”

बॅनरवर गावातल्या ज्येष्ठांचे फोटो ‘मार्गदर्शक’ म्हणून टाकायचे होते, आणि त्या यादीत मामाही होते. संध्याकाळी मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आधी स्वतःचा फोटो बघितला, मग प्रमुखाचा, मग परत स्वतःचा.

“जरा मोठा होतो का बघ,” ते म्हणाले.

मी केला. प्रमुखाच्या ते लक्षात आलं नाही. आलंही असेल, पण निवडून आलेल्या माणसाला पुढच्या वेळचाही विचार करावा लागतो.