सीझन संपल्यावरची मुलं

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेचे गणवेश शिवतात. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली. काजं-बटणं मी करते आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही माझ्याकडेच, कारण भावजींच्या ओठांत कायम टाचण्या असतात.

त्यांचा एक हेका आहे. शिवलेला कपडा अंगावर नीट बसला नाही, तर ते वाद घालत नाहीत. उसवत उसवत मागे जातात, कुठे चुकलं ते सापडेपर्यंत, आणि मग टाचण्या काढून म्हणतात, "कापडात काही खोट नाही. कापताना माझं चुकलं." पुष्कळदा पोराचंच पोट सुटलेलं असतं, आई खाली मान घालून हसत असते, पण यांचं आपलं तेच. चूक एकदा स्वतःच्या पदरात घेतली की या माणसाला जेवण गोड लागतं.

शाळा उघडण्याआधीचे महिने म्हणजे सीझन. तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून जेवावं लागतं. म्हणून बहीण आणि भावजी, दोघांनी मुलंसुद्धा बेताने होऊ दिली. बाळंतपण थंडीत, मंदीच्या दिवसांत, म्हणजे सीझन येईतो ती मशीनवर बसायला मोकळी. तुमच्याकडे पाळणाही ऑर्डर बघून हलतो, असं मी तिला चिडवायचे. थोरली मुलगी थंडीतली, धाकटा मुलगाही थंडीतला. थोरली लग्न होऊन गेली, मजेत आहे. धाकटा जन्मतःच लांबलचक होता, म्हणून भावजी त्याला दीडवार म्हणाले आणि ते नाव चिकटलं.

दीडवार कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीपलीकडची माणसं त्याच्याबद्दल बोलायची, आणि चांगलं कधीच बोलायची नाहीत. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. मी गोळी दिली की तो हात मागे घ्यायचा. भावजींनी तळहात पुढे केला की न बघता तोंडात टाकायचा. या एका गोष्टीवर आमचं घर उभं होतं. गोळी पोटात असली की तो पडद्याआड बसून कॉलरी उलटायचा, त्यांची टोकं सुरेख काढायचा, मधेच "मावशी, चहा टाक ना" म्हणायचा. आम्हाला तेवढंही खूप होतं.

मग दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. भावजींनी त्यांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "हे असं का झालं असेल?" आधीचे डॉक्टर खांदे उडवायचे. या बाईंनी कागदावरची जन्मतारीख बघितली आणि जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. कारणं पुष्कळ असतात, नक्की कुणालाच माहीत नाही. थंडीत जन्मलेल्यांमध्ये हा आजार किंचित जास्त दिसतो, आईला पोटुशीपणी झालेला ताप असेल, ऊन कमी पडलं असेल, पण फरक अगदी थोडा, थंडीत जन्मलेली बहुतेक सगळी मुलं धडधाकट असतात. बाई भल्या होत्या. भावजींनी त्यातला थंडी एवढाच शब्द उचलला आणि घरी आणला.

त्यानंतर ते उसवतच बसले. मशीनवर पाय थांबलेला आणि नजर कुठेतरी मागे, लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत. मी म्हटलं, "अहो, थोरलीही थंडीतलीच की. तिला काय झालं?"

"ती वाचली," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. बाईंनी एवढंसं सांगितलेलं यांनी ताणून ताणून पोराच्या सगळ्या आयुष्यावर पांघरलं होतं.

एका दुपारी त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि पडदा सारला. मी बटणं लावत होते. गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात ते मुलाला म्हणाले, "तुझ्यात काही खोट नाही रे. चूक माझी झाली. कामाची सोय बघून आम्ही तुला थंडीत जन्माला घातलं. त्यामुळे हे झालं."

त्यांना वाटलं असावं, पोरगा म्हणेल, जाऊ द्या हो बाबा. गिऱ्हाइकं तसंच म्हणतात.

दीडवारने हातातली कॉलर खाली ठेवली. "म्हणजे ठरवून केलंत?"

मी दीडवारच्या पाठीमागून भावजींना 'नाही म्हणा' अशी जोरजोरात मान हलवत होते. खोटं बोलायला एवढा वेळ मिळाला होता. पण हा माणूस म्हणाला, "हो, ठरवूनच."

"मग भिंतीपलीकडचे बोलतात ते खरंच आहे," दीडवार शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बापाच्या तळहातावरच्या गोळीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "यात आता काय घातलंय?" भावजींनी त्याच्यादेखत एक गोळी स्वतः गिळून दाखवली. उपयोग काही झाला नाही, भावजीच दिवसभर मशीनवर पेंगत राहिले. थोरली येऊन रडली, मी हातापाया पडले. मग आमच्या घरचं अन्नही त्याला चालेना. अंथरुणाला खिळला तेव्हा उचलून इस्पितळात न्यावा लागला. भावजींचा मला इतका राग आला होता की वाटेत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

तिथे वडील दिसले की तो किंचाळायचा. म्हणून आता भेटायला मी एकटी आत जाते आणि भावजी बाहेर बाकावर बसतात.

परवा बाहेर आले तर त्यांनी विचारलं, "गोळी घेतो का?"

"घेतो."

"कुणाच्या हातून?"

"कुणाच्याही. नर्स देते, वॉर्डबॉय मामा देतात, आज माझ्याही हातून घेतली," मी म्हटलं.

भावजींनी बराच वेळ मान डोलावली. "बरं झालं," ते म्हणाले, "माझ्यामागे त्याला कोण देणार, हाच एक घोर होता."