जवाईसमोर खोकायचं नाई

“गिळू नका, बाबा! तोंड उघडा! गिळलं तर मी अहेरीले परत जात नाई, इथीच राह्यते!”

ही धमकी आरमोरीच्या अर्ध्या गावाने ऐकली. ओरडत होत्या माझ्या थोरल्या मेहुणी, आम्हा सगळ्यांच्या ताई. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या सगळ्या वाघांच्या डरकाळ्या एका पारड्यात टाका आणि ताईंचा आवाज दुसऱ्यात, वाघ वर जातील. आणि एवढा आवाज देवाने त्यांना दिला तो कशासाठी? तर लोकांना खोकायला शिकवण्यासाठी!

ताई अहेरीला फिजिओथेरपिस्ट. लोक गुडघा धरून येतात, कंबर धरून येतात, पण ताईंचा खरा जीव धुराने आणि भुशाने फुप्फुसं थकलेल्या म्हाताऱ्यांवर. आठवडी बाजारात वांगी निवडताना मागे कोणी खोकलं, तर वळूनही न बघता सांगतात, “उजवीकडे, खाली अडकून आहे.” एकदा सुटलेली एसटी थांबवून त्यांनी खिडकीतला एक खोकला उतरवून घेतला. कंडक्टर भांडायला आला आणि पाच मिनिटांत तोही शेजारी बसून श्वास मोजू लागला. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण तळहाताएवढा आरसा असतोच. “खोकून खोकून मरू नका. तोंड उघडा आन् आरशावर वाफ सोडा. हाऽऽ! घशातून नाई, पोटातून!” मोहाच्या झाडाखाली दहा बायांना त्यांनी एकदम हे करायला लावलं, तेव्हा शेजारच्या झाडावरचं अस्वल मुकाट्याने उतरून निघून गेलं म्हणतात. अस्वल मी पाहिलेलं नाही. बाया पाहिल्या आहेत, त्यामुळे अस्वलाचं मला पटतं.

तर बाबा, म्हणजे माझे सासरे. सगळी हयात राईस मिलच्या भुशात गेली. या हिवाळ्यात छाती अशी भरली की पाठ टेकवून झोप नाही, घास उतरत नाही. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, कफ निघाला नाही तर चंद्रपूरला भरती. ताई धावत आल्या, पण मनगटाला प्लास्टर. घरात धड हात उरले ते माझे. मी दोन गल्ल्या सोडून राहतो.

बाबांना पुढे झुकवून बसवायचं, मागून दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवायचे, तीन सावकाश श्वास होऊ द्यायचे आणि मग त्यांच्या ‘हाऽऽ’ला हातांनी हलकी साथ द्यायची, आणि कफ वर आला की थुंकायला डबा पुढे धरायचा. पहिल्या दिवशी मी जोर लावला.

“जवाईबापू, कणीक तिंबून राह्यले का? माह्या बापाच्या बरगड्या आहेत त्या!”

दोन दिवस गेले. कफ घशापर्यंत येई आणि तिथेच गडप होई. तिसऱ्या सकाळी ताईंनी बाबांच्या गळ्याकडे पाहिलं आणि ती आरोळी ठोकली. बाबा गिळत होते!

“काऊन गिळता?”

बाबा भिंतीकडे बघत पुटपुटले, “जवाईच्या हाती थुंकायचा डबा... माह्याच्यानं नाई होत, बाई.”

माझ्यासमोर या माणसाने कधी पाय पसरले नव्हते. श्वास कोंडला तरी चालेल, पण मान राहिला पाहिजे!

ताईंनी क्षणात निकाल दिला. “मंग आजपासून हे जवाई नाई. मिलमधले हमाल आहेत. जवाईबापू, उतरवा तो इस्त्रीचा सदरा! डोक्याले दुपट्टा बांधा! बाबा, याले हाक मारा आता.”

बनियनवर, डोक्याला दुपट्टा बांधून मी मागे बसलो. बाबांनी मान वळवून दुपट्ट्याकडे पाहिलं. मग चाळीस वर्षांचा मिलमधला आवाज कुठून तरी वर आला. “धर बे नीट!”

मी धरलं. तीन श्वास. हाऽऽ! आणि डब्यात जे पडलं, त्यात मला अख्ख्या मिलचा भुसा दिसला. दारात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाटीभर पेज घेतली आणि कित्येक दिवसांनी पाठ टेकवून झोपले.

ताई पायरीवर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. मी शेजारी बसून विचारलं, “ताई, आता बरे होतील ना बाबा?”

“नाई,” ताई म्हणाल्या. “हे बरं होणारं नसते. उद्या सात वाजता या.”