तांदळाची तागडी

"मागं सरा. तागडीला शिवायचं न्हाई."

दुकानदार शेठ असं म्हनला तवा माझ्या कडेवर भिवा होता, माझा धाकटा भाऊ. आमी हातबी लावला नव्हता. नुसतं जवळ गेलतो.

कामशेतजवळच्या आमच्या गावात पुन्याहून एक डाक्टर आलता. गरिबांची पोरं काय खातात, कशी वाढतात, त्याची चौकशी करायला. ज्यांचं वजन कमी भरंल त्यांना साळंत दुधाची भुकटी मिळनार, असं मास्तर म्हनले होते. गावात मानूस मोजायचा काटा कुटला असायला? शेठची तांदळाची तागडी चावडीपुढच्या आंब्याला टांगली. गावाची पोरं पारड्यात बसली, झोके घेतले, हसत उतरली. मग आमची पाळी आली. महारवाड्याची.

शेठ डाक्टरला म्हनला, "सायेब, ह्याच तागडीवर गावाचा तांदूळ मोजतो मी. ही पोरं बसली तर उद्या माझ्याकडं कोन येईल?"

डाक्टर शिकलेला मानूस. मला वाटलं, आता हा बोलंल. त्यानं तागडीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं अन् कारकुनाला म्हनला, "अंदाजे लिहा."

अंदाजे. शेठ मूठभर तांदूळ कुनाला अंदाजानं देत नव्हता. आमी मातर अंदाजे.

भिवाचे हातपाय काड्या झालते अन् पोट पुढं आलतं. उपाशी लेकराचं पोट असंच फुगतं, हे मला लय वर्सांनी दवाखान्यात कळलं. डाक्टरला तवाच ठाऊक असायला पायजे होतं. तो लांबूनच म्हनला, "हा तर खातापिता दिसतो." मग मला विचारलं, "काय गं, पोटभर जेवता ना?"

आमच्यात "जेवलीस का?" असं कुनी विचारलं की "व्हय" म्हनायचं. चूल गार असली तरी व्हय. न्हाई म्हननं म्हंजी हात पसरनं, असं आईनं शिकवलं होतं. त्यात गावाच्या पोरी समोर उभ्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माझी मान ताठ झाली.

मी म्हनले, "व्हय."

"आणि हा?"

"तो बी जेवतो."

भिवाच्या पोटात आदल्या दिसापासनं पेजेच्या पान्याबिगर काय गेलं नव्हतं. त्यानं माझ्या मानंला मिठी मारली होती. त्याचं वजन मला ठाऊक होतं की. कडेवर कायच वाटायचं न्हाई.

भुकटीचे डबे आले. आई गाडगं घेऊन साळंच्या ओट्याखाली उभी राहिली. मास्तर वरनं म्हनले, "तुमची पोरं खातीपिती हायेत. सायबानं तसं लिवलंय."

मग भिवाच्या पायांवर सूज आली. ती तोंडापतुर चढली. पावसाळा लागायच्या आत तो गेला.

माती देऊन आल्यावर मी आईला सांगितलं, डाक्टरनं काय विचारलं अन् मी काय बोलले. मार बसावा असं लय वाटत होतं. आई म्हनली, "बरूबर बोललीस. मीच शिकवलं व्हतं तुला." अन् चुलीकडं तोंड करून बसली. मारली असती तर बरं झालं असतं.

पुढल्या साली तोच डाक्टर आला. तीच तागडी, तोच आंबा. मी कुनाला विचारलं न्हाई. सरळ गेले अन् पारड्यात बसले. शेठनं पारडं उलथं केलं. तोंड आपटलं, व्हट फुटला. मी उठले अन् परत बसले. दोरी दोनी हातांनी धरली.

डाक्टर पुढं आला. "बाळ, जेवलीस का?"

"न्हाई. काल बी न्हाई. माझा भाऊ मेला, तो बी जेवला नव्हता. तुमी त्याला खातापिता म्हनला होता. आता मोजा."

शेठ वजनांना हात लावंना. शेवटाला डाक्टरनंच ती उचलून दुसऱ्या पारड्यात टाकली. माझ्याकडं बघायची त्याला सोय राहिली नव्हती.

गावानं आमचं काम बंद केलं. आबा, माझा बाप, देहूरोडला डेपोत हमालीला गेला. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई.

आता मी लोनावळ्याला पोरांच्या दवाखान्यात आया हाये. वाड्यावस्त्यांतनं बाया लेकरं घिऊन येतात. नोंद करनारा बाबू नुसतं विचारतो, "पोटभर जेवतं ना?" बाई मान ताठ करून म्हनते, "व्हय." मला तो आवाज वळखू येतो. माझाच हाये तो.

मी बाबूला म्हनते, विचारू नका, मोजा.

त्या एका "व्हय"चा दोष माझा. तो मी कुनाच्या गळ्यात घालनार न्हाई, मरंपतुर वागवीन. पन ज्यांनी आमाला तागडीपासनं मागं सारलं अन् ज्यांनी लांबनं बघून लिवलं, त्यांचा दोष मी माझ्या डोक्यावर घेनार न्हाई. ह्या दारात आलेलं लेकरू पारड्यात बसल्याबिगर परत जायचं न्हाई. अन् त्याच्याकडं बघून पुन्यांदा कुनी "अंदाजे" म्हनला, तर त्याच्या हातातली लेखनी मी हिसकून घेईन.