प्रतीक्षा यादीतला पहिला

हेवा हा शब्द मला फार सभ्य वाटतो. मला जे होत असे त्याला आमच्याकडे जळणं म्हणतात आणि तोच शब्द बरोबर आहे. मी माझ्या सगळ्यात जवळच्या दोस्तावर जळत असे. मार्क मला जास्त पडत, पण कौतुक त्याचं होई. कोणाच्या सायकलची चेन तुटली, कोणाचा रेडिओ खरखरू लागला, की त्याला बोलावणं येई आणि काम झालं की चहा मिळे. मला कोणी बोलावलंच तर आलेलं पत्र वाचून दाखवायला. पत्र वाचणाऱ्याला चहा देत नसत.

आम्ही दोघं मलकापूरचे. माझे वडील सरकी काढायच्या एका जिनात कापूस पारखायचं काम करत. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब ते सांगायचं, यात त्यांचं नाव होतं. त्याचे वडील कापसाच्या बाजारात दलाल. गाव रेल्वेवरचं, त्यामुळे रुळाला कान लावला की गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, हे प्रत्येक पोराला ठाऊक. तो कान लावायचा आणि "आली बे!" म्हणून उठायचा. मी मात्र तिथंच अडायचो. लोखंडातून आवाज लवकर का येतो आणि किती लवकर, हे मला हवं असे. शाळेतल्या सरांना विचारलं, तर उत्तर देण्याऐवजी त्यांनी आपलं फिजिक्सचं जुनं पुस्तकच माझ्या हाती दिलं. त्या दिवसापासून माझं ठरलं होतं. फिजिक्समध्ये बी.एस्सी., मग एम.एस्सी., बाकी काही नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिकडेतिकडे धरणं, कालवे, सडका यांच्याच गोष्टी. इंजिनिअर म्हणजे जीपमधून उतरणारा, ज्याला गावचा पाटील उठून खुर्ची देतो असा माणूस. फिजिक्स शिकून पुढं काय, याला मात्र सगळ्यांकडे एकच उत्तर होतं, मास्तर. तेही असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला माझी कीव यावी.

खामगावच्या कॉलेजात आमचं सायन्सचं पहिलं वर्ष झालं आणि तो इंजिनिअरिंगचा फॉर्म आणायला निघाला. मला फॉर्म भरायचाच नव्हता. तो भरतो म्हणून मी भरला. त्याला जागा मिळेल आणि मला मिळाली असती की नाही हे कधी कळणारच नाही, हा विचार मला सोसेना. यादी पाहायलाही तोच गेला, रात्रभर प्रवास करून, दोघांच्या वतीनं. परत आला तो थेट आमच्या दारात.

"तू लागला. मी वेटिंगवर हाओ, पहिला."

चेहऱ्यावर एक आठी नाही. मी असतो तर आधी स्टेशनवर तासभर बसून राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजारात नेलं. पावसाळ्याचे दिवस, कापूस नाही, गाड्या नाहीत, सगळं आवार रिकामं. आमच्याकडे कापसाचा भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि घेणारा हातात हात देत, वरून रुमाल टाकत आणि खाली बोटं दाबून भाव सांगत. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. कागद नाही, साक्षीदार नाही, म्हणून त्याचे दोन नियम फार कडक होते. रुमालाखाली ठरलं ते मोडायचं नाही आणि रुमालाखालचं बाहेर बोलायचं नाही. आम्ही लहानपणापासून हाच खेळ खेळत आलो होतो. कैऱ्या कोणाच्या झाडाच्या पाडायच्या हेही आम्ही रुमालाखाली ठरवायचो.

त्यानं खिशातून रुमाल काढला आणि हात पुढं केला.

"एक बोट सायन्स, दोन बोटं इंजिनिअरिंग. तुले जायाचं असन तर जा, मी काहीच म्हणणार नाही. पण तुले त फिजिक्स पाह्यजे ना बे? तू नाही गेला त ती सीट मले भेटते."

मी एक बोट दाबलं. खरंच मनापासून दाबलं. त्यानं माझा हात असा काही घट्ट धरला की मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. एक सबंध दिवस मी थोर माणूस होतो.

मग सुताराच्या दुकानावरून जाणं झालं. दोस्तानं तिथं स्वतःसाठी ड्रॉइंगचा बोर्ड करायला घेतला होता. फळ्या जोडून झाल्या होत्या, तो वर रंधा मारत होता आणि फळीचं दुसरं टोक धरून माझे वडील उभे होते. माझे वडील! मी पहिला आल्यावर "बरं झालं" याच्या पुढं न जाणारे माझे वडील अंगठ्यानं लाकूड चाचपून हसत होते.

"याले म्हणतात हात," ते सुताराला म्हणाले. "आमचं येडं निस्तं पुस्तकात मुंडकं घालून बसते."

दोस्त म्हणाला, "काका, तो हुशार हाय. मी निस्ते हात चालवतो." यावर वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून ऐकू येते. मी रस्त्यावरूनच मागं फिरलो. पुढं जे होणार ते मला लख्ख दिसलं. तो जीपमधून उतरणार, माझे वडील त्याला खुर्ची देणार, आणि मी कुठल्यातरी वर्गात खडू झटकत असणार. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन इंजिनिअरिंग कॉलेजला मी येत असल्याचं कळवून टाकलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं."

तो स्टेशनवर आला. मला वाटलं होतं येणार नाही. माझ्या वडिलांसमोर तो रुमालाचं अवाक्षर बोलला नाही, बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्याच भरवशावर मी हे केलं होतं. त्यानं माझी ट्रंक डब्यात चढवली. मग काखेतला तो बोर्ड खिडकीतून आत दिला.

"घेऊन जाय. मले आता काय कामाचा?"

मी घेतला. नको म्हणायचीही लाज वाटली. सगळं शिक्षण त्याच बोर्डावर झालं. रेषा सरळ यायच्या, पण एकाही रेषेत माझा जीव नव्हता. त्याची पत्रं येत. पत्रात फिजिक्सशिवाय काही नसे. आज तासाला प्रकाशाचे पट्टे पाहिले, आज लोलक अमुकच वेळ का घेतो ते कळलं, सरांनी मला संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली दिली. माझी किल्ली! मी ती पत्रं दोनदा वाचायचो आणि फाडून टाकायचो. उत्तरात लिहायचो, वर्कशॉप फार छान आहे.

मी इंजिनिअर झालो. देऊळघाटकडे एका लहानशा तलावाच्या बांधावर नोकरी लागली. दिवसभर मातीच्या खड्ड्यांची मापं घ्यायची आणि ती वहीत चढवायची. जीप होती, तीही साहेबाची. तो एम.एस्सी. करून आमच्याच खामगावच्या कॉलेजात शिकवायला लागला. पोरं त्याचा तास बुडवत नाहीत, उलट दुसऱ्या वर्गातली येऊन मागं उभी राहतात, असं मला आमच्याच एका मुकादमानं सांगितलं. त्याचा भाचा तिथं होता. त्या दिवशी मी बरोबर आलेली मापं तीन वेळा पुन्हा घ्यायला लावली.

शेवटी एका सुटीत मी माफी मागायला खामगावला गेलो. खरं सांगतो, पश्चात्ताप थोडा होता. जास्त होती ती दुसरीच गोष्ट. त्याचं आयुष्य मी वळवलं, ही एक गोष्ट तरी माझी होती. तो जो काही झाला तो माझ्या बेइमानीमुळं झाला, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "तुझी जागा मी खाल्ली. शब्द देऊन खाल्ली. माफ कर."

तो हसायला लागला.

"अबे, मले त पत्र आलं होतं."

"कसलं?"

"इंजिनिअरिंगचं. तू गेल्यावर दहा-बारा दिवसांनी. कोणीतरी पोट्टा सोडून गेला असन, माहा नंबर लागला. बाबानं ट्रंक भरली होती. मीच नाही म्हणलं."

"काऊन?" माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी गावचा शब्द निघाला.

"तोवर दहा दिवस मी फिजिक्सच्या तासाले बसलो होतो. तू लहानपणी रुळावर बसून काय पाहत होता, ते मले तेव्हा समजलं. मंग कोण जाते?"

मी विचारलं, "मग मला का नाही कळवलं? एका पत्रात तरी लिहायचं होतं."

त्यानं खालचा ओठ चावला. त्याला लाजलेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"तुले लिहिलं असतं त तू परत आला असता. माह्यामुळं गेला होता ना तू तिकडं, माह्यावर जळून? मी सोडलं म्हणल्यावर तू कायले राह्यतो तिथं? परत आला असता, अन् त्या वर्गात बी पहिला तूच आला असता. मले पहिल्यांदा काहीतरी माह्यं भेटलं होतं बे."

घंटा झाली. तो खडू घेऊन उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तासाला गेला. मी तिथंच बसून हिशेब करत होतो. त्या वर्षी कॉलेजचे प्रवेश ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालू होते. त्यानं तेव्हा पत्र टाकलं असतं, तर मला परत यायला तीन आठवडे मिळाले असते.